कॉम्प्युटर आता विचारत नाही

आई, तुमच्या मुलाने आज सकाळी मला हाक मारली नाही. सांगायची गोष्ट एवढीच आहे, पण सांगायला तुमच्याशिवाय दुसरं कोणी सुचलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या सावली गावच्या घरात टीव्ही होता आणि त्यावर तुम्ही विणलेला रुमाल. आता त्या जागी कॉम्प्युटर असतो. नागपूरला नोकरी लागल्यावर तुमच्या नातीने आपला जुना इथं आणून ठेवला. दसऱ्याला मी त्यालाही कुंकू लावते. मागच्या पावसाळ्यात ह्यांना लकवा मारला. जीव वाचला, देवाची कृपा. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथंच राहतो आणि बोलणं अडखळतं. लेक फोनवर "बाबा, बोला ना" म्हणते आणि हे फोन माझ्या हातात देऊन दुसरीकडे पाहतात. पण कॉम्प्युटरवर डाव्या हाताच्या एका बोटाने ते तिला रोज एक ओळ लिहायचे. "आज सांबारवडी खाल्ली." "शेजारच्या कुत्रीला पिल्लं झाली." तेवढ्या एका ओळीसाठी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून बसायचे.

अडचण पासवर्डची. म्हणजे कॉम्प्युटर सुरू केला की तो आधी गुपित शब्द विचारतो, आणि तो लिहिल्याशिवाय आत घेत नाही. लेकीने ठेवलेल्या शब्दात एक खूण अशी, की एक बटन दाबून धरायचं आणि त्याच वेळी दुसरं दाबायचं. ते दोन हातांचं काम. मग हे हाक मारायचे, "अवो." मी कणकेचे हात पुसत जायची आणि उघडून द्यायची. एके दिवशी तव्यावर पोळी होती, म्हटलं, "थांबा जरा, आलीच." गेले तर कॉम्प्युटर बंद, आणि हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून.

"काऊन जी, लिहीत नाई आज?"

"नाई... पायजे."

त्यानंतर ते त्या खुर्चीवर बसलेच नाहीत. लेकीने विचारलं, "आई, बाबांचं काही येत काऊन नाई?" मी म्हटलं, "हात दुखते म्हणते." माणूस एकदा भिंतीकडे वळला की त्याला परत वळवणं कठीण जातं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. देवापुढे दिवा लावताना माझं सगळं लक्ष त्या पाठीकडे असायचं.

अशाच एका सकाळी मला तो दिवस आठवला. लग्नाला महिनाही झाला नसेल. भर दुपार आहे, तुम्ही मागच्या आंगणात धान वाळवून राह्यल्या आहात, मी स्वयंपाकघरात डाळ निवडते आहे. समोरच्या दाराची कडी वाजते. मी बसल्याजागेवरून विचारते, "कोण होय?" उत्तर नाही. परत विचारते, "कोण होय जी?" तरी उत्तर नाही. ब्रह्मपुरीहून उन्हात बसने आलेले तुमचे चिरंजीव बाहेर उभे, आणि नव्या बायकोला आपलं नाव कसं सांगावं म्हणून गप्प. तुम्ही मागून तरातरा येता, पायांना धान चिकटलेलं, कडी काढता आणि माझ्याकडे वळता. "अवो बाई, घरचा माणूस दारात तपून राह्यला अन् तू चौकशी करून राह्यली? पायाचा आवाज वळखत नाई का?" मग ह्यांच्याकडे, "अन् तुले तोंड नाई का रे? बायको पाहून मुका झाला का?" मी डाळीच्या सुपात तोंड घालून रडले. पण त्यानंतर ह्यांचं पाऊल शिकले. गल्लीच्या तोंडाशी चप्पल वाजली की कडी काढून ठेवायची. आता एक पाय ओढत येतो, तेही पाऊल शिकले. आणि ह्या यंत्राने मात्र घरधन्याला रोज सकाळी उंबऱ्यावर उभं करून कोण होय विचारावं? मला ते पटेना.

लेकीला फोन लावला. "तो पासवर्ड मागणंच बंद होत नाई का वं?"

"सोपा करून देते ना आई. एक, दोन, तीन, चार."

"सोपा केला तरी विचारलंच ना."

"अवो, पण कोणी उघडलं तर?"

"कोण उघडते? मी, तुहे बाबा, अन् भिंतीवरची पाल." मग मलाच शंका आली. "बँकेचं काही नाई ना त्यात?"

"नाई. ते तू फोनवर करते. अन् त्याचे आकडे तं तू मलेही सांगत नाई." ती हसली. "बस मग खुर्चीवर. मॅट्रिक झाली ना तू? सांगते तसं लिही."

दोन बटनं एकदम दाबून एक लहान चौकट उघडली, त्यात एक इंग्रजी शब्द लिहिला. मग दुसरी चौकट आली. तिच्यात बरोबरची एक खूण होती, ती काढायची. खूण काढली की पासवर्ड शेवटचा म्हणून दोनदा लिहून मागतो. मी दोन्हीकडे लिहिला, दोन्ही जुळले, त्याने मुकाट्याने घेतले. घरचा हिशेब ठेवणारी बाई मी, दोन बेरजा सारख्या आल्या की वही मिटते. कॉम्प्युटर बंद करून परत लावला तर म्हणतो, पासवर्ड चूक. ह्यांनी लिहिलेल्या सगळ्या ओळी आतच कोंडल्या असं वाटलं. लेक म्हणाली, "आई, मोठ्या अक्षरांचं बटन चालू राह्यलं असन. तीच चूक दोनदा केली तं जुळनच ना!" बटन बंद करून लिहिलं तेव्हा उघडला. मग सगळं पहिल्यापासून केलं. थोडा वेळ तसाच ठेवला की तो झोपतो आणि उठल्यावर परत विचारतो म्हणे, तेही बंद केलं. ह्यांना फक्त एवढंच म्हटलं, "कॉम्प्युटर सुधरला. पाहून घ्या एकदा."

आज सकाळी मी जपाला बसले होते. ओढत्या पावलाचा आवाज खुर्चीपर्यंत गेला. बटन दाबलं. माळेतला मणी माझ्या बोटात तसाच राहिला. हाक आली नाही. बऱ्याच वेळाने टक. थांबून परत टक. मी उठून दाराशी गेले. ह्यांनी मान वळवली.

"मांगला... नाई."

"आता नाई मांगत."

"मंग तू... काऊन उभी? जा ना!"

किती दिवसांनी कोणी मला असं हाकललं, आई. मी स्वयंपाकघरात येऊन गॅसपाशी उभी राहिले आणि एकटीच हसले. अंगावरून ओलं पोतं उतरवावं तसं झालं. तासाभराने लेकीचा फोन. ती हसत होती, की रडत होती, कळेना. म्हणाली, "बाबांनी काय लिहिलं माहीत आहे? 'तुझी आई माझ्या मागे उभी राहून वाचते.'"

हे कागद टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि ह्यांना वाचून दाखवण्यासारखेही नाहीत. म्हणून तुम्हालाच सांगते. "जा" म्हटल्यावर मी परत एकदा गेले होते, दाराआड उभी होते. पण वाचत नव्हते, आई. हाक येते का, ते ऐकत होते.