थोरल्याचा बँड

कोल्हापूर, २५ नोव्हेंबर १९९७

मीनाबाईस आकारामचा जयभीम.

माझा खोकला कमी आहे, काळजी करू नको. प्रसेनजीतची खोली बरी आहे, पाणी येतं. पोरगं तेवढं रोडावलं आहे. म्हैस दूध देते का? दाराची कडी नीट लावत जा.

काल संध्याकाळी त्याची चारपाच दोस्त मंडळी आली. टेबलावर एका गोऱ्या माणसाचा फोटो आणि एक जुनी कॅसेट ठेवून त्यांनी मेणबत्ती लावली आणि सगळी गप्प उभी राहिली. मला वाटलं, त्यांच्या कारखान्यातला कुणी विलायती साहेब वारला. मी आपला हात जोडून त्रिशरण म्हणायला लागलो. पोरंही माझ्यामागून म्हणू लागली.

संपल्यावर मी विचारलं, "कोण म्हणायचं हे पावणं?"

एकजण म्हणाला, "आबा, क्वीन बँडचा गाणारा. आज त्याचा स्मृतिदिन."

"लग्नात वाजवायचा व्हय?"

पोरं हसली. प्रसेनजीत म्हणाला, "दादाला लई आवडायचा, आबा. ही कॅसेट त्याचीच हाय की." आणि जो रडायला लागला तो थांबेना.

मीनाबाई, आपला थोरला सम्राट गेला तेव्हा हा रडला नाही, म्हणून तू त्याच्याशी बोलणं टाकलंस. आज तो कामावर गेला नाही. भिंतीकडं तोंड करून पडला आहे. मला काही सुचत नाही. माझ्यामार्फत निरोप नको, त्याच्या नावानं वेगळं कार्ड टाक. काय लिहावं ते कळलं नाही, तर नुसतं 'जेवलास का' एवढंच लिही.

आकाराम