बाबांसाठी राहिलेलं रडणं

प्रिय ओपियो,

आमची शाळा नाट्यस्पर्धेतून बाद झाली. रंगमंचावर इंग्रजीच बोलायचं हा नियम, आणि तो मोडला आपल्या आईने. हसू नकोस.

मी बसवलेल्या नाटकात बाप मरतो आणि सगळे माना खाली घालून गप्प उभे राहतात. पहिल्या रांगेतून आई पुटपुटली, "अगं बाई, याला रडायला कुणीच नाही की काय?" मी तिला थांबवेपर्यंत ती वर चढलीसुद्धा.

"ऊठ रे ओलुओच!" तिने आपल्या लुओ बोलीत हंबरडा फोडला. "होडी किनाऱ्यावर टाकून कुठे चाललास, आळशा? माशांना आता शिव्या कोण घालणार?"

ओलुओच हे नाव नाटकातलं नव्हतं रे, आपल्या बाबांचं होतं. पोरं आधी बावरली, मग तिच्यामागून सूर धरून रडायला लागली. मेलेल्या बापाचं काम करणारा मुलगाही पडल्या पडल्या मुसमुसत होता.

बाबांना पुरताना तू पाहुण्यांसमोर इंग्रजीत भाषण केलंस आणि हंबरडा फोडायला निघालेल्या आईला दटावलंस, "तमाशा नको." तेव्हापासून ती गप्पच होती.

काल घरी येऊन तिने मक्याची उगाली आणि मासा पोटभर खाल्ला. हात धुताना म्हणाली, "ओपियोला कळवू नकोस गं. त्याला वाटेल, मी त्याच्यावर रागावलेय."

म्हणून हे पाठवणार नाही. ती रागावलेली नाहीच. मी होते. पण काल तिच्यामागे उभं राहून मीही रडून घेतलं, तेव्हा लक्षात आलं, आता फक्त तूच रडायचा राहिलायस.

तुझ्यापाठोपाठ जन्मलेली तुझी जुळी बहीण,
अदोंगो