म अजून येत नाही

४ मार्च १९८५

मुलांच्या संस्थेच्या वसुधाबाई आमच्याकडे घाटकोपरला येऊन गेल्या. चहा घेतला, खोलीभर नजर फिरवली, मग मुद्द्यावर — "नलिनीताई, क्षमाला 'आई' म्हणायला शिकवू नका. 'मावशी' म्हणू दे. तिची आई बरी झाली की ती तिच्याकडे जाणार."

मला काय कळत नाही? आई क्षयाच्या हॉस्पिटलात आहे, तोवर तिची पोर आपण सांभाळायची, हे कबूल करूनच दिवाळीत आणली. पण तीन वर्षांचा जीव. ताप चढला की कुणाला हाक मारणार, संस्थेला?

७ मार्च

शिकवलं. म्हण, मावशी. तर म्हणते, "आवशी!"

ह्यांच्या नाकात चहा गेला. मिल बंद पडल्यापासून पहिल्यांदा एवढे हसले. आम्हा मालवणी माणसांत आवशी म्हणजे आईच की! वसुधाबाईंनी हा शब्द ऐकला असेल तर शिवीतच.

मी नाही तिचा शब्द सुधारणार. बघू कोण काय करतं!

२० मार्च

वसुधाबाईंसमोर क्षमा "आवशी, आवशी" करत बिलगली. बाई खूश! "छान शिकवलंत हो. म अजून येत नाही, येईल."

म्हटलं, येईल की. घाई काय आहे?

९ मे

क्षमाची आई बरी झाली. रविवारी वसुधाबाई तिला घेऊन येणार.

हे म्हणाले, "नलू, परक्याचं धन गं." म्हटलं, धन नाय, पोर आहे ती! नाही देणार. काय करायचं ते करा म्हणावं!

१२ मे

क्षमाची आई आली, जानकी. नुसती हाडं, वर साडी. ठरवलं होतं, पाणीसुद्धा विचारायचं नाही. क्षमा माझ्यामागे लपली — "आवशी, ही कोण?"

जानकीचा चेहरा उतरला. हळूच म्हणाली, "तुका आवशी म्हणता?"

मेले! ही कुडाळची, आमच्यातलीच मालवणी निघाली.

मान ताठ करून म्हटलं, "होय, म्हणता. मगे?"

वाटलं, आता भांडणार. तर म्हणते, "बरा झाला. माका वाटलेला, माझ्या चेडवाक हाक मारूक कोणच नसतला."

पाणी कसलं, जेवायला वाढलं. कढी दोनदा मागून घेतली तिने. मला तिचा रागच धरता येईना, आणि त्याचाच राग आला.

१६ मे

नवीन लफडं! जानकी बरी झाली म्हणून आमचं सांभाळणं संपलं. पण तिला नवरा नाही, खोली नाही, म्हणून तिच्याकडेही पोर देता येत नाही. मग कुठे? बालगृहात!

म्हटलं, वा रे नियम! आवशी दोन आणि पोर अनाथ? वसुधाबाईंच्या डोळ्यांत पाणी — "माझ्या हातात नाही हो." रडा तुम्ही. मी रडणारी नाही. सोमवारी संस्थेच्या साहेबांसमोरच उभी राहते, जानकीला घेऊन.

२० मे

एवढी भांडकुदळ मी, साहेबांपुढे नुसता पदर सावरत उभी. साहेबांनी जानकीला विचारलं, "तुम्ही राहणार कुठे?"

"घाटकोपरला. बहिणीकडे."

"कोण बहीण?"

तिने माझा हात धरला. वसुधाबाईंना खरं ठाऊक, पण त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मी म्हटलं, "धाकटी आहे माझी. लिहा!"