नासचं तोंड भिंतीकडे

मु. पो. नेर

ती. जमनीबाई हिच्या चरणी,

धाकट्या भावाचा, फुलचंदचा जय सेवालाल.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरने दिलेलं तेल तू गुडघ्याला लावतेस की धावजी भाऊजींच्या डोक्याला, हे एकदा कळवावं. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे सर्वांच्या अंगाला खाज सुटली आहे, पण ती कापसाची. यंदाही भाव नाही म्हणून सगळा कापूस पुढच्या खोलीत भरला आहे, तो छताला टेकला आहे, आणि आम्ही भावाची वाट पाहत खाजवत बसलो आहोत. (सरकारही बसलं आहे म्हणतात. ते खाजवतं की नाही, कल्पना नाही.) पत्र पाहून घाबरू नकोस. फोन करणार होतो, पण फोनवर तू मला हॅलोच्या पुढे जाऊ देत नाहीस, आणि ही हकीकत हॅलोच्या बरीच पुढची आहे. तुला मोठ्याने वाचायची सवय आहे, तेव्हा भाऊजींच्या डोक्याचं वाक्य मनात वाच.

आमच्या उज्ज्वलाचं लग्न तोंडावर आलं. पोरगी अमरावतीला राहून सगळं शिकली, ढावलो तेवढा राहिला. सासरी निघताना नवरीने एकेकीच्या गळ्यात पडून रडत-गात तो म्हणायचा आणि तिला तो घरातल्या जुन्या बाईने शिकवायचा, ही आपली रीत. आमच्या मंडळींना, नंदाबाईला, येतो, पण तो तिच्या माहेरचा. त्यातले शब्द आपले नव्हेत आणि चाल अशी की आपल्याकडची रडणारी बाई थबकून ऐकत राहील. (हेही मनात वाच. ती स्वयंपाकघरात आहे, पण तुझा आवाज लांब जातो.) म्हणून तुला बोलावलं, तर तू म्हणालीस की गुडघ्याने बसवत नाही, याडीचा ढावलो बादलने भरून ठेवला आहे, पोरीला तोच ऐकवा. म्हटलं, ठीक. याडीला जाऊन, तू-मी बिनआईचे होऊन तीन वर्षं झाली. तुझ्या अंगणात बादलने मोबाइलवर भरून घेतला, तेवढाच तिचा आवाज या जगात उरला आहे. आम्ही तो लावतो, याडी पहिली ओळ म्हणते, सगळ्यांना रडू फुटतं आणि नंदाबाई तो बंद करायला लावते. मी धरून कोणीही तो याच्या पुढे ऐकलेला नाही.

आता हा आवाज राहत कुठे होता ते सांगतो. आमचे चिरंजीव बादल पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहेत. मागच्या दिवाळीला त्यांनी एक काळा डबा आणून पुढच्या खोलीत, टीव्हीजवळ, वायफायला जोडला. घरातले झाडून सगळे फोटो, व्हिडिओ, सातबारा आणि याडीचा ढावलो त्यात टाकला. आणि आता हरवायची भीती नाही म्हणून मोबाइलमधून सगळं पुसूनही टाकलं. या डब्याला नॅस म्हणतात. नंदाबाईच्या तोंडी तो पहिल्या दिवसापासून नास झाला. दूध नासलं तर आपण फेकतो, यानं तं नास विकत आणला, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. डब्याच्या तोंडावर निळे दिवे लुकलुकतात. कोणीतरी टक लावून पाहतं असं वाटून तिला टीव्हीसमोर भाजी निवडता येईना, म्हणून तिने त्याचं तोंड भिंतीकडे केलं. पुढचं सगळं रामायण या एका गोष्टीतून झालं, पण तेव्हा कोणाला कळतं.

गेल्या महिन्यात पुढच्या खोलीतून टीं टीं असा आवाज येऊ लागला. नंदाबाईचं मत पडलं की कापसात उंदराची पिल्लं आहेत. मी म्हटलं, उंदीर इतक्या नेमाने ओरडत नाही. तरी अख्खी गंजी आम्ही अंगणात उपसली आणि पुन्हा आत भरली. उंदीर नव्हता. मागच्या वर्षी हरवलेला माझा चष्मा सापडला. तोवर उज्ज्वलाने डब्याला कान लावून पाहिला, तर टीं टीं तोच करत होता. तोंड भिंतीकडे असल्यामुळे त्याचा निळा दिवा कधी लाल झाला, हे फक्त भिंतीला माहीत होतं.

बादलला फोन लावला. त्याने पुण्यात बसून मोबाइलवर डब्याची नाडी पाहिली आणि मला समजेल अशा भाषेत सांगितलं की, बा, आत दोन डिस्का आहेत, बैलजोडीसारख्या. दोन्हींवर सारखंच ओझं. एक बसली तरी दुसरी ओढून नेते. तुमची डावी बसली आहे. नवी पाठवतो, डावी काढा आणि तिच्या जागी नवी घाला, डबा आपोआप तिला सगळं शिकवेल. बाई, माणसाने उपमा द्यावी तर जपून. नवी डिस्क आल्यावर मी डब्यासमोर उभा राहिलो. बादलने फोनवर विचारलंही, समोरच उभे आहात ना? मी हो म्हटलं, कारण डबा माझ्या समोरच होता. पलीकडून हात घालून मी डावी डिस्क उपसली. डब्याने एकदा मोठ्याने टींऽ केलं आणि तो गप्प झाला.

माझं चुकलं असं सगळे म्हणतात. तू शेतातली आहेस, तूच न्याय कर. डावा बैल कोणता हे धुरकरी गाडीवर, बैलांच्या मागे बसून ठरवतो. आपल्या बाने ठरवलं, त्याच्या बाने ठरवलं. बैलांच्या पुढ्यात जाऊन डावं-उजवं करणारा माणूस मी तरी पाहिला नाही, शिंगं त्याला तेवढा वेळ देत नाहीत. डब्याची पाठ माझ्याकडे, तोंड भिंतीकडे, आणि जोडी म्हणून स्वतः बादलनेच सांगितलेलं. मी मागून डावा काढला. तो निघाला धडधाकट उजवा. जुंपलेला राहिला तो आजारी, आणि त्याने तिथेच बैठक मारली.

चांगली डिस्क परत घातली, तर डबा तिला ओळखेना. उज्ज्वलाने लॅपटॉप उघडला, त्यावर इंग्रजीत आलं की ही डिस्क नवी दिसते, पुसून वापरू का? पोरीचं बोट बटणावर गेलं होतं. मी तिचा हात धरला. बाई, मी सहसा घाबरत नाही, पण तेव्हा घाबरलो. त्या एका बोटाखाली याडी होती. डब्याची वायर काढली आणि बादलला म्हटलं, सुट्टी असो की नसो, तू ये.

तो आला. डबा उघडला तर आतला पंखा कापसाने गच्च भरलेला. वर्षभराच्या वाती होतील एवढा निघाला (नंदाबाईने त्या वळल्यासुद्धा). हवा मिळेना म्हणून डबा तापला आणि तापून डिस्क गेली, असं निदान झालं. म्हणजे कापसाला भाव नाही आणि त्याची किंमत डब्याने मोजली. बादलने त्याच जातीचा नवा डबा आणला, चांगली डिस्क त्यात घातली, जोडीला नवी दिली, आणि देवाच्या दयेने सगळं होतं तसं दिसू लागलं. जुना डबा आता कापसावर वजन म्हणून ठेवला आहे. एकूण काय, याडीचा आवाज सुखरूप आहे. तेव्हा तू काळजी करू नकोस, गुडघ्याला आराम दे. भाऊजींना जय सेवालाल.

तुझा,
फुलचंद

ता. क. सगळं नीट उतरलं का हे पाहायला ढावलो शेवटपर्यंत वाजवावा लागेल, असं बादल म्हणाला. त्याने नंदाबाईला बंद करू दिलं नाही. याडी दोन ओळी म्हणते. मग तिला खोकला येतो. मग ती म्हणते, माझा दम पुरत नाही, जमनी, तू म्हण. पुढचा सगळा ढावलो तुझा आहे, बाई. अगदी शेवटपर्यंत तूच आहेस. तुला हे माहीत होतं, तरी तू आम्हाला डबा ऐकायला सांगितलंस.

दुसरा ता. क. मग नंदाबाई बोलली, जिने आजवर तुला कधी चांगलं म्हटलेलं नाही: "हे तं जमनीबाई व्हय. जित्या मानसाले डब्यात कायले ठेवलं?" बादल रविवारी गाडी घेऊन तुला आणायला फुलसावंगीला निघतो आहे. उज्ज्वलाने तुझ्यासाठी खुर्ची काढून ठेवली आहे. तुझा गुडघा दुखतो हे मला मान्य आहे, पण गळ्याबद्दल तू काही बोलली नव्हतीस.

तिसरा ता. क. नव्या डब्याचं तोंडही नंदाबाईने भिंतीकडे केलं आहे. तू येणार असशील तर तसंच राहू दे, म्हणते.