शून्य एरर, दोन गुडघे

४ फेब्रुवारी, सकाळ

कामाला सुरुवात. स्वतःचं डिजिटल नाणं काढायचं. या धंद्यात त्याला टोकन म्हणतात. नाव ठरवलं: निश्चिंत. नाव ठरलं म्हणजे अर्धं काम झालं.

विमा ऑफिसने मला काढलं त्याला बरेच महिने झाले. ‘काढलं’ हा बायकोचा शब्द. मी म्हणतो, मोकळं केलं. तिथे डेटा एंट्रीचं अख्खं टेबल माझ्या हाताखाली होतं आणि प्रिंटर अडला की साहेबसुद्धा मलाच हाक मारायचे. तेव्हा कॉम्प्युटरमधलं मला कुणी शिकवू नये.

टोकनसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहावा लागतो, स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट. नाणी किती, कुणाकडे किती, नवी कोण छापणार, सगळं त्यात. एकदा तो नेटवर्कवर चढवला की कुणाच्या बापाला बदलता येत नाही. लोकांचा विश्वास बसतो तो त्यामुळेच. व्हिडिओमधला मास्तर म्हणतो, अर्ध्या तासाचं काम. मी आठवडा धरतो. उगाच घाई नको.

५ फेब्रुवारी

ताईकडे गेलो. आई गेल्यावर मला या मोठ्या बहिणीनेच वाढवलं. जन्मभर हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्स म्हणून उभी राहिली, आता दोन्ही गुडघे गेलेत. रिटायर होताना जे मिळालं त्यात एका गुडघ्याचं ऑपरेशन बसतं. डॉक्टरांनी मे महिन्यातली तारीख दिली आहे. दुसऱ्याचं पुढचं पुढे बघू म्हणते.

मी म्हटलं, पुढे कशाला, पैसे माझ्याकडे दे, मेच्या आत दुप्पट करतो, दोन्ही गुडघे एकदमच उरकू. टोकन म्हणजे काय तेही नीट समजावलं. ती म्हणाली की मला यातलं ओ की ठो कळलं नाही, पण तुला कळतंय ना, मग झालं. दिले.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, तिथे रोज आजारीच माणसं बघून तिचा आशावाद गेला आहे. म्हणाली, आत्ताच्या आत्ता जा आणि परत देऊन ये. सोमवारी बघतो म्हटलं. तिला शांत करण्यापुरतं.

९ फेब्रुवारी

कोड लिहून झाला. मास्तरच्या व्हिडिओवरून उतरवला, पण टाइप मीच केला. मग कंपाइलचं बटण दाबलं. मशीन सगळा कोड वाचतं आणि चुका दाखवतं, त्या एरर. एकोणीस निघाल्या. सगळ्या लाल.

पहिल्याच फटक्यात एवढ्या म्हणजे काम मोठं आहे.

११ फेब्रुवारी

एका ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला होता. तो दिला. एकोणीसच्या सव्वीस झाल्या. मास्तरला एकही येत नाही. खाली कमेंटमध्ये कुणीतरी लिहिलंय की हा व्हिडिओ फार जुना आहे, नव्या कंपायलरला हा कोड चालत नाही. म्हणजे खोट कंपायलरमध्ये आहे. मनावरचं ओझं उतरलं.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठून, डोकं ताजं असताना बसायचं.

१२ फेब्रुवारी, साडेदहा

उठलो.

१९ फेब्रुवारी

रस्त्यात कासव भेटला. जुन्या ऑफिसातला प्रोग्रॅमर. प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा तपासतो म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं. टोकनचं सांगितलं तर म्हणाला, पैसे दुसऱ्याचे आहेत, चढवण्याआधी मला दाखव, नाहीतर कुणा जाणकाराला दाखव. चढवल्यावर हात चोळत बसायची वेळ येते. हो हो म्हटलं.

दाखवणार नाही. त्याने कल्पना उचलली म्हणजे? आणि मला नोकरीतून मोकळं केलं तेव्हा हा कुठे होता? आपली खुर्ची सांभाळत बसला होता. असल्यांनी उंटावरून शेळ्या हाकू नयेत.

२७ फेब्रुवारी

आता नऊ. माझी एक पद्धत बसली आहे. लाल रेघ आली की ती ओळ बघायची, फारच कुरकुर करत असेल तर सरळ काढून टाकायची. एरर पटापट कमी होतात. मास्तरने पुष्कळ फापटपसारा लिहून ठेवला होता.

बायकोने एका दुकानातल्या हिशेबनिसाच्या जागेची जाहिरात कापून टेबलावर ठेवली. तिच्यावर कप ठेवला.

३ मार्च

एकच एरर उरली. मशीन म्हणतं, ‘मालक’ नावाचा जो भाग जोडला आहे त्याला सुरुवातीला द्यायचं ते दिलेलं नाही. एकतर द्या, नाहीतर कॉन्ट्रॅक्टवर ‘ॲबस्ट्रॅक्ट’ असं लिहा. काय द्यायचं ते सांगत नाही. ॲबस्ट्रॅक्ट मात्र एका शब्दाचं काम. लिहिलं.

हिरवी खूण.

खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. लगेच ताईला फोन केला. तिने त्याच दुपारी डॉक्टरांना कळवलं की एक नको, दोन्ही गुडघे धरा. पैशांची सोय भावाने केली आहे, असं सांगितलं म्हणे. मला बरं वाटलं. कुणी माझ्याबद्दल असं बोलून खूप दिवस झाले होते.

५ मार्च

चढेना. ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे म्हणे अपुरा, नुसता आराखडा. आराखडा नेटवर्क घेत नाही. अरे मग सुचवलंस कशाला? मशीन झालं म्हणून काय झालं, बोललेल्या शब्दाला जागायला नको?

१० मार्च

काही सुचत नाही. ताईचा फोन आला. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्यात, एप्रिलमध्ये पैसे भरायचे. कुठपर्यंत आलं, विचारत होती. शेवटचा हात फिरवतोय म्हटलं.

१४ मार्च, दुपार

जमलं.

सगळा घोळ त्या ‘मालक’ भागाचा होता. तो जोडलेला भागच उपटून टाकला. आता ॲबस्ट्रॅक्टची गरज नाही, तेही काढलं. मग एक नवी एरर: नाणी छापायच्या ओळीत ‘फक्त मालक’ असा एक शब्द आहे, तो कोण, ओळखत नाही. तोही काढला.

शून्य एरर. चढवला, आणि चढला.

मी मालक आहे हे लिहायला कशाला हवं? दारावर पाटी नाही म्हणून घर शेजाऱ्याचं होत नाही. मास्तरपेक्षा माझा कोड आता लहान आणि सुटसुटीत आहे. त्याला कमेंटमध्ये तसं कळवलं.

१६ मार्च

ताईचे पैसे पूलमध्ये टाकले. पूल म्हणजे एक गल्लाच. एका बाजूला माझी टोकनं, दुसऱ्या बाजूला खरा पैसा. टोकन आणून दिलं की त्यातून पैसा मिळतो, पैसा दिला की टोकन. लोक टोकन घेत गेले की गल्ला फुगत जातो. बायको म्हणाली, निदान एका गुडघ्यापुरते बाजूला ठेव. आता अर्धवट काय करायचं? सगळे टाकले.

१८ मार्च, सकाळ

उघडून बघतो तर काय, निश्चिंतची संख्या एका रात्रीत एवढी वाढली आहे की शून्यं स्क्रीनबाहेर गेली. कुणा अनोळखी पत्त्यावर, म्हणजे इथल्या खात्यावर, सगळी. एवढी मागणी पहिल्या तीन दिवसांत. ताईला फोन करून सांगितलं, दोन्ही गुडघे पक्के समज. ती रडायला लागली. म्हणाली, देवळात नाही, आधी तुझ्याकडे येते.

१८ मार्च, दुपार

पूल रिकामा आहे.

पान पुन्हा पुन्हा उघडलं. नेट बंद करून चालू केलं. रिकामाच.

१९ मार्च

हॅक. दुसरं काय असणार. मोठी टोळी असणार, माझ्या टोकनवर त्यांची नजर होती. ताईला तसंच सांगितलं. फोनवर तिने विचारलं, तू जेवलास का.

२३ मार्च

कासवला कोड दाखवला. त्याने नेहमीप्रमाणे तीनदा वाचला. मग म्हणाला की कुणीही काही फोडलेलं नाही. छापायची ओळ सगळ्या जगाला उघडी होती. कुणीही यावं, हवी तेवढी नाणी स्वतःला छापून घ्यावीत, पूलमध्ये द्यावीत आणि पैसा घेऊन जावं. तसंच कुणीतरी केलं. ‘फक्त मालक’ हा शब्द होता तो कुणी काढला, असं विचारलं.

मी म्हटलं, कंपायलरने काढायला लावला.

चहाचे पैसे त्यानेच दिले.

२४ मार्च

मालकाचा भाग परत जोडला. काय द्यायचं तेही सापडलं, स्वतःचा पत्ता द्यायचा, एक ओळ. पहिल्या झटक्यात कंपाइल झालं. चढलेल्याला त्याचा काही उपयोग नाही, तो आहे तसाच राहणार. बायको मागे उभी होती. बैल गेला अन् झोपा केला, एवढंच म्हणाली आणि दुकानात गेली.

२ एप्रिल

ताई सगळ्यांना सांगते की माझ्या साध्याभोळ्या भावाला लुबाडलं. तिच्या शेजारणीने मला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. पेला तसाच खाली ठेवला.

संकल्प: रविवारी ताईला खरं सांगायचं. स्पष्ट. एका दमात.

रविवार

गेलो होतो. तिच्याकडे माणसं होती. म्हणजे पेपरवाला बिल घ्यायला आला होता. तेवढ्यात विषय राहून गेला.

१५ एप्रिल

ऑपरेशनची तारीख ताईने स्वतःच फोन करून रद्द केली. आणि काम धरलं. एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या बाईंकडे दिवसभराची नर्स. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बायको तिला एकदा आणायला गेली होती. म्हणाली की ताई कठडा धरून पाठमोरी उतरतात, एकेका पायरीवर थांबून. मी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

हिशेबनिसाच्या जागेसाठी अर्ज करणार होतो. जागा भरली.

२६ एप्रिल

सांगायला हवं. या रोजनिशीतही मी अजून नीट लिहिलेलं नाही. तर लिहितो: शब्द मी काढला. मला तो समजला नव्हता आणि विचारायची लाज वाटली. लिहिलं. उद्या ताईला सांगतो.

१६ मे

ताई आज घरी आली. पहिला पगार झाला होता. धाप लागली होती, बसून पाय लांब केले आणि पाकीट माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली की पुन्हा करून बघ. एकदा चोरी झाली म्हणून हातातली विद्या टाकून द्यायची नसते. तुझ्याएवढं डोकं आपल्या घरात कुणाला नाही. दर महिन्याला एवढे देत जाईन.

बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती आणि सरळ माझ्याकडे बघत होती. मला स्वतःची शिसारी आली. सांगायला तोंड उघडलं. ताईला वाटलं मी नको म्हणतोय. तिने पाकीट उचलून माझ्या हातात कोंबलं आणि माझी मूठ मिटली. तिचा हात गरम होता.

मी पाकीट घेतलं.

ती निघाली तेव्हा बायको तिच्याबरोबर जिना उतरून गेली. मी गेलो नाही. जिन्यावर आम्ही दोघंच असतो तर सांगावं लागलं असतं.