एका ‘तू’साठी

७ फेब्रुवारी

फिल्म सोसायटीला नवा अध्यक्ष मिळाला. खोलीत, पंख्याखाली, डोक्यावर फेल्ट हॅट! निवृत्त इंजिनियर. सगळ्यांदेखत मला म्हणतो, “आपण फ्रेंच शिकवायचात ना?” आपण!

घरी येताना ह्यांनी विचारलं, “ओळखतेस का त्यांना?”

“नाही. आजच पाहिलं.”

का म्हणाले मी असं? कॉलेजात दोन वर्षं याच माणसाने माझ्या शेजारी बसून फ्रेंच क्रियापदं घोकली. लग्नाचं ठरवलं. आणि नकार कळवायला मावशीला पाठवलं! मावशीने निरोप सांगितला, चहा घेतला, जाताना बिस्किटांचं कौतुकही केलं. ह्यांना यातलं काही माहीत नाही. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाल्यावर कुठून सुरुवात करायची? आता खोटं तोंडातून गेलंच आहे, तर निभावणं आलं.

९ फेब्रुवारी

सबटायटल्स माझ्या गळ्यात पडली. जुना फ्रेंच गुन्हेपट. काळा-पांढरा म्हणायचा, आहे काळाच. ओले रस्ते, उभ्या कॉलरी, हसायची सगळ्यांना बंदी. एक तिजोरीफोड्या तुरुंगातून सुटतो, शेवटची एक चोरी करतो म्हणतो. हा वाचत नाही हे आपल्याला तिथेच कळतं. त्यालाही कळतं. तरी आरशासमोर टोपीची कड सरळ करतो — मरायला निघताना एवढा टापटीपपणा!

पहिली नऊ मिनिटं कोणी बोलत नाही. हॅटचा फोन: “इतका वेळ खाली काहीच नाही? लोकांना वाटेल मशीन बिघडलं.” मग स्वतःच लिहून पाठवलं — ‘तो विचार करत आहे.’ दोन मिनिटांनी — ‘तो अजूनही विचार करत आहे.’

ह्यांना दाखवलं. हे हसले! वर्षातून दोनदा हसतात, त्यातलं एक फेब्रुवारीतच संपलं. मग म्हणाले, “चोर असला तरी सरळ आहे. फसवलेलं खपत नाही त्याला.”

ह्यांनाही खपत नाही. सख्खा धाकटा भाऊ एकदा खोटं बोलला. सोळा वर्षं झाली, त्याला ‘तुम्ही’ म्हणतात. ‘या. बसा.’ त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

१२ फेब्रुवारी

आज मुख्य प्रसंग केला. नाइटक्लबात लोकांचे कोट सांभाळणारी बाई. तिला पोलीस ठाण्यात आणतात, तिजोरीफोड्या समोर उभा. “मी यांना ओळखत नाही, साहेब.” सगळं ‘वु’मध्ये, म्हणजे तुम्ही. त्याला सोडतात. तो दारापर्यंत जातो, हातमोजा विसरतो, आणि हिच्या तोंडून निसटतं — “तुझा हातमोजा!” ‘तु’! इन्स्पेक्टर नुसती मान वर करतो. बस्स. सिनेमा तिथे संपला. पुढची वीस मिनिटं नुसता धूर.

शाळेत सिस्टर सांगायची: ‘तु’ देवाला, कुत्र्याला आणि लहान मुलांना. प्रियकराचं तिने सांगितलं नाही. नन बिचारी.

१३ फेब्रुवारी

त्या बाईला मूर्ख म्हणवत नाही.

१५ फेब्रुवारी

सभा. हॅटचं भाषण — “या चित्रपटांत टोपी म्हणजे नियती.” मी विचारलं, “मग मफलर म्हणजे काय, सर्दी?”

मग मुद्द्यावर आला. “ते ‘तुझा’ मी ‘तुमचा’ करतो. एकसारखं बरं दिसतं. सारखं तुम्ही-तुम्ही आणि मध्येच तू — छपाईची चूक वाटेल.”

“अहो, ती चूकच आहे! त्या बाईची! तीच तर गोष्ट आहे!”

“पण बाई, ‘तू’ कानाला जरा...”

जरा काय? दोन वर्षं लागलं नाही ते कानाला! हे मनात. तोंडाने फक्त “तुम्ही फ्रेंच विसरलात” म्हणाले, आणि जीभ चावली. ‘विसरलात’ कशावरून? कोणाच्या लक्षात आलं नाही. हे कोपऱ्यात पेपर वाचत होते.

शेवटी नमला. सगळ्यांसमोर शब्द दिला. “राहील, तुमचा ‘तू’ राहील.”

२० फेब्रुवारी, रविवार

सकाळी अकराचा खेळ. हॉल भरलेला. हे माझ्या शेजारी.

पोलीस ठाणं आलं. तो दारापाशी गेला. तिने हाक मारली. आणि खाली ठळक अक्षरांत — ‘तुमचा हातमोजा!’

इन्स्पेक्टरने मान वर केली. मागून कोणीतरी म्हणालं, “याला आता काय झालं?”

मी उभी होते. कधी उठले ठाऊक नाही.

“अरे, पुन्हा कच खाल्लीस ना! शब्द देऊन पुन्हा तू —”

पहिल्या रांगेतली हॅट गर्रकन वळली. लोक म्हणाले, “खाली बसा, बाई, दिसत नाही.” एवढ्या हॉलात कोणाला काही कळलं नाही.

शेजारी ह्यांनी मान वर केली.

२१ फेब्रुवारी

सकाळचा चहा ह्यांनी केला. कप माझ्यापुढे ठेवला, साखरेचा डबा उघडला आणि म्हणाले,

“तुम्ही किती घेता?”