लँगरिजवरचे वीस हात

५ फेब्रुवारी १९५७, मंगळवार

अल्बी गेला. सकाळच्या भरतीला त्याची मासेमारीची बोट, लँगरिज, निघाली.

आज धुणं नाही. बोट सुटते त्या दिवशी कपडे धुतले की माणूसही धुऊन जातो, असं सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. निरोप घरातच द्यायचा. बायकांनी गोदीवर जायचं नाही. पुरुषाने मागे वळून बघायचं नाही, आणि मुख्य म्हणजे आपण हात हलवायचा नाही. समुद्राला ते बोलावणं वाटतं.

मी हलवला.

काल उगीचच भांडलो आम्ही. आज तो धड बोललाही नाही. मी वरच्या खिडकीत उभी होते. टॅक्सीत बसता बसता तो वळला — कधी म्हणजे कधी वळत नाही! — आणि माझा हात आपोआप वर गेला. त्याने पाहिलं. चेहरा असा झाला की... नको.

शेजारची हिल्डा पायरी घासत होती. तिनेही पाहिलं.

६ फेब्रुवारी

काही नाही. भांडी, शिवण. हात कामात ठेवला की बरं.

९ फेब्रुवारी, शनिवार

हिल्डा साखर मागायला आली. साखर हे निमित्त. तिचा नेड मंगळवारीच फ्लीटवूडला गेला म्हणे, तिकडे एखादी बोट मिळते का बघायला. इथे बोटीच्या ऑफिसने त्याला महिनाभर घरी बसवलंय, खलाशांच्या मुकादमाशी हाणामारी केली म्हणून. "चिठ्ठी टाकून गेला. तोंडाने सांगून जाईल तर शपथ," हिल्डा म्हणाली.

मी वाट पाहत होते. ती खिडकीचा विषय काढेल आणि एकदाची सुटेन मी. जाता जाता दारात म्हणाली, "डॉरीन, मला काहीएक दिसलं नाही, बरं का."

म्हणजे दिसलं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

सासूबाई रोज दुपारी येतात, रेडिओवर बोटींची बोलणी ऐकायला. आइसलँडच्या वर वादळ आहे. दोरांवर, डोलकाठ्यांवर बर्फ चढतंय. कुणीतरी म्हणत होता, कुऱ्हाडीने फोडतोय पण फोडू तेवढं पुन्हा चढतंय. तो लँगरिजचा नव्हता. सासूबाई विणत राहिल्या.

त्या गेल्यावर अल्बीचा शाळेतला शब्दकोश काढला. का, ते माहीत नाही. हात या एका शब्दाला दीड पान! घड्याळाचा काटा म्हणजे हात. पत्त्यांचा डाव म्हणजे हात. घोड्याची उंची हातात मोजायची, पोरीला मागणी घालायची तर हात मागायचा, अक्षर चांगलं असेल तर हात चांगला. खलाशी अगदी तळाशी, बारीक टाइपात. इथे बंदरावर तर तोच अर्थ पहिला. नवा हात, जुना हात, दोन हात कमी पडताहेत. अल्बी पंधराव्या वर्षापासून हात आहे. त्याचं डोकं, त्याची खोकला झालेली छाती, माझ्याशी भांडणारं तोंड, यातलं काही त्यांच्या यादीत नाही.

शब्दकोश मिटला. घड्याळाकडेही बघवेना.

१८ फेब्रुवारी, सोमवार

शुक्रवारपासून लँगरिजचा आवाज नाही.

ऑफिसात गेलो, मी आणि सासूबाई. आठ-दहा बायका आधीच उभ्या होत्या. कारकून सभ्य होता. म्हणाला, "रेडिओ बिघडला असेल, बाई. घाबरून जाऊ नका." मी विचारलं, सगळे होते ना बोटीवर? तेव्हा त्याने यादीवर बोट फिरवलं. "वीस हात. वीसच्या वीस हजर. गळती नाही."

अल्बी अकरावा होता.

२० फेब्रुवारी

उजव्या हाताला मोजा घालून बसते. घरातसुद्धा. बटाटे सोलताना काढला तर तो वर जाईल असं वाटलं. म्हणून डाव्या हाताने सोलले.

खिडकीला पडदा लावलाय. तरी जिन्यावरून जाताना तिथे कुणीतरी हात वर करून उभं आहे असं दिसतं. मीच असते ती.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

खलाशांच्या मिशनचे साहेब बुडाल्याची बातमी घेऊन आमच्या गल्लीत शिरले की बायका आपापली दारं लावून घेतात. आज ते माझ्याच दाराशी थांबले. टोपी काढली. "लँगरिज बुडाली. सगळ्या हातांसकट."

हिल्डा धावत आली. मला धरून बसली, मोजा घातलेला हात दोन्ही हातांत घेऊन. मला तो ओढून घ्यायचा होता. घेतला नाही.

२३ फेब्रुवारी

सासूबाईंना सांगून टाकलं. राहवेना. खिडकी, टॅक्सी, तो वळला, सगळं.

त्यांनी सुया पिशवीत ठेवल्या, कोट चढवला. दाराशी थांबून म्हणाल्या, "माझा नवराही समुद्रानेच नेला. पण मी हात खिशात ठेवला होता." मग गेल्या.

मी त्याला मारलं. दुसरं काही लिहायचं नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थनेला गेले नाही. हिल्डा वाटाण्याचं सूप घेऊन आली आणि समोर बसून खायला लावलं. नेडचं अजून पत्र नाही, पण तो कुठला लिहायला. मग एकदम तिचे डोळे भरून आले. "लाज वाटते गं सांगायला. इतकी वर्षं, दारूपायी त्याला घरी बसवतात म्हणून ऑफिसवाल्यांना शिव्या घातल्या, आणि आज मनातल्या मनात त्यांचेच पाय धरते. त्यांनी बसवून ठेवला नसता तर तोही याच बोटीवर असता."

मी तिच्यावर रागावले नाही. तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

२५ फेब्रुवारी, सोमवार

अल्बी मागच्या दाराने आला. जिवंत!

आधी मी त्याला मारलं, मग मिठी मारली, मग विचारलं. तीन आठवडे विथर्नसीला आत्याकडे लपला होता. शनिवारी पेपरात स्वतःचं नाव वाचलं. "तू हात हलवलास, डॉरीन. गोदीपर्यंत गेलो, पण पाऊल बोटीवर पडेना. हाताला भिऊन मागे फिरलो म्हटलं असतं तर पुन्हा कुठल्या बोटीवर कुणी उभं केलं नसतं. नेड तिथेच घुटमळत होता. म्हणाला, मी जातो तुझ्या नावावर, कुणाला कळतंय."

तो स्वयंपाकघरात बसलाय, कोटही काढलेला नाही. आज धुण्याचा वार. मागच्या अंगणात हिल्डा नेडचा निळा शर्ट वाळत घालतेय. मी आज मोजा काढलाय हे तिने खिडकीतून पाहिलं असावं. हसली, आणि मला हात हलवला.